नावावर जाऊ नका, स्क्रू सोडवा
(जुन्या इलेक्ट्रिक गिटारी: वाचकांचे प्रश्न आणि दुरुस्तीवाल्याची उत्तरं)

प्रश्न : आमचे थोरले काका बोटीवर होते. साठच्या दशकात कधीतरी ते जपानहून एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले. काका गेले, गावचं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा ती माळ्यावर सापडली. हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) नाव नाही, नावाच्या जागी दोन बारीक भोकं आहेत. पुढे पट्ट्यापट्ट्यांचा चकचकीत पत्रा, चार पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं), आणि प्रत्येक पिकअपला दिव्याच्या बटणासारखं वेगळं बटण. तारा इतक्या उंच आहेत की खालून करंगळी जाते. एका दुकानदाराने ‘फेंडरची कॉपी’ असं सांगितलं. दुसरा म्हणाला, भंगार आहे, पण पिकअप तेवढे काढून द्या, मी घेतो. काका ती व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडून वाजवायचे, असं आई सांगते. तो रेडिओही अजून आहे. ही गिटार कुठली आणि पुन्हा वाजती कशी करायची? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आधी तो रेडिओ बाजूला ठेवा. म्हणजे खरोखरच उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. जुन्या व्हॉल्व्ह सेटच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायला एक सॉकेट असायचं आणि अ‍ॅम्प्लिफायर परवडत नव्हता अशा पुष्कळांनी त्यात गिटार खुपसली. ज्या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो ते त्यातल्या त्यात बरे. पण एसी-डीसी दोन्हींवर चालणारे जे सेट यायचे त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो; भिंतीतल्या विजेची एक वायर सरळ आतल्या पत्र्याला गेलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तो अख्खा पत्रा जिवंत. गिटारच्या केबलची बाहेरची जाळी त्या पत्र्याला, जाळीला ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि ब्रिजला तारा. म्हणजे २३० व्होल्ट थेट बोटांत. गिटार तपासायला तीन पिनांचा कुठलाही साधा प्रॅक्टिस अ‍ॅम्प चालेल. मात्र घरात अर्थिंग खरंच पोचलंय का, हे वायरमनकडून बघून घ्या. जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक बऱ्याचदा नुसतं शोभेला असतं.

आता पिकअप मागणारे गृहस्थ. जो माणूस भंगार म्हणतो आणि त्याच दमात भंगारातले चार नग वेचून मागतो, त्याला काय हवंय हे त्याला नीट ठाऊक असतं. राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाने तेइस्को या जपानी कंपनीच्या एका जुन्या गिटारचा सोनेरी पत्र्याचा पिकअप काढून आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर बसवला. तेव्हापासून ‘गोल्ड फॉइल’ म्हणून हे पिकअप जगभर शोधले जातात आणि त्यापायी धडधाकट गिटारी उघड्या पाडून विकल्या जातात. तुमचे पिकअप सोनेरी असोत की नसोत, ते त्या गिटारीतच राहू द्या.

आणि ‘फेंडरची कॉपी’ हे तर साफ चूक. जपानी कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला काढल्या त्या मुख्यतः सत्तरच्या दशकात. त्याआधी ते स्वतःच्या डोक्याने आकार काढत होते, आणि ते डोकं कधी कधी फार मजेशीर चालायचं: चार-चार पिकअप, डझनभर बटणं, ट्यूलिपच्या फुलासारखी बॉडी. तुमचं वर्णन वाचून माझं बोट तेइस्कोकडे जातं. ही कंपनी १९४६ साली टोकियोत सुरू झाली आणि १९६७ साली कावाई या जपानी वाद्य कंपनीने ती विकत घेतली. पट्टेदार पत्रा, दर पिकअपला स्वतंत्र बटण, चार पिकअप आणि ट्रेमोलो (सूर हलवायचा दांडा) ही सगळी १९६४ ते ६८ च्या आसपासच्या तेइस्कोची लक्षणं. त्यांच्या मॉडेलच्या नावातच हिशोब असायचा. ईटीमधला ई म्हणजे इलेक्ट्रिक, टी म्हणजे ट्रेमोलो आणि पुढचा पहिला आकडा पिकअपचा. ईटी-२०० ला दोन, ईटी-४४० ला चार.

हेडस्टॉकवर वरच्या बाजूला चार आणि खाली दोन अशा खुंट्या आहेत का, ते बघा. असतील तर माझा अंदाज आणखी पक्का. नेक (गिटारीची मान) जिथे सुरू होतो तिथे नटला (तारांच्या खाचांच्या पट्टीला) लागूनच एक जादा फ्रेट (धातूची आडवी पट्टी) आहे का, तेही बघा. त्याला झीरो फ्रेट म्हणतात आणि त्या काळच्या जपानी गिटारींत तो सर्रास असतो. मग मागचे चार स्क्रू काढून नेक अलगद उचला. हे करायला घाबरू नका, ती गिटार तशी उघडायलाच बनवलेली आहे. खाचेत किंवा नेकच्या बुडाशी शिक्का, पेन्सिलचा आकडा, काही सापडलं तर त्याचा फोटो काढा. खाचेच्या कडेला लाकडाचे थर दिसले, म्हणजे प्लायवूड निघालं, तर नाक मुरडू नका, त्या काळच्या स्वस्त गिटारी तशाच बनत.

नाव नसण्याचं एवढं मनावर घेऊ नका. या कारखान्यांतून निघालेल्या गिटारी अमेरिकेत-इंग्लंडात ज्या दुकानाने मागवल्या त्याच्या नावाने विकल्या जायच्या. अमेरिकेतल्या सीअर्स या दुकानाने तेइस्कोच्याच गिटारी ‘सिल्व्हरटोन’ म्हणून विकल्या. एकाच गिटारीवर तीन देशांत तीन पाट्या. त्यामुळे हेडस्टॉकवरचं नाव ही मी सगळ्यात शेवटी वाचायची गोष्ट मानतो. पिकअप, बटणं, ब्रिज, नेकप्लेट आणि लाकूड एकमेकांशी जुळतात का, हे आधी. सिरियल नंबरचा त्या काळच्या जपानी गिटारींना फारसा उपयोग नाही. पॉटवरचे (आवाजाच्या नॉबखालच्या भागावरचे) अमेरिकन आकडे वाचायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती इथे लागू नाही, कारण पॉट जपानी आहेत.

आता उंच तारा. तुम्ही लिहिलंत खालून करंगळी जाते, पण कुठे जाते ते लिहिलं नाहीत आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. करंगळी अगदी पहिल्या फ्रेटपाशीसुद्धा जात असेल तर गिटार बिघडलेली नाही, काका हवाईयन वाजवत होते! पन्नास ते सत्तरच्या दशकांत आपल्याकडे मांडीवर आडवी घेऊन लोखंडी कांडीने वाजवायच्या गिटारचं केवढं वेड होतं हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. व्हॅन शिपले यांच्या रेकॉर्डी घरोघर वाजत, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर त्याच पद्धतीच्या गिटारवर रागदारी नेऊन ठेवली. कांडी सरकवायला तारा उंच लागतात, म्हणून साध्या गिटारीच्या नटवर एक खाचांची लोखंडी पट्टी चढवायचे. तारा सैल केल्या की ती पट्टी हाताने सुटते, तिला खिळा-गोंद काही नसतं. माझ्याकडे मुंबईच्या जुन्या घरांतून आलेल्या कितीतरी गिटारींचा ‘नेक वाकलाय’ हा रोग ही पट्टी काढल्यावर दोन मिनिटांत बरा झालाय. पट्टी मात्र फेकू नका, केसमध्ये ठेवा. काकांची आहे ती.

पट्टी नसेल आणि तारा पहिल्या फ्रेटपाशी ठीक पण बाराव्यापाशी उंच असतील, तर पुढचं वाचा.

पाचवी किंवा सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. तार म्हणजे झाली तुमची सरळ पट्टी. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास फट असायलाच हवी, तार थरथरायला जागा लागते. मोजायला फीलर गेज नसेल तर १२ गेजच्या पहिल्या तारेचा तुकडा घ्या. तिची जाडी ०.३० मिमी असते. तो तुकडा फटीत जेमतेम सरकला तर नेक उत्तम. फटीतून व्हिजिटिंग कार्डांची चळत जात असेल, तर नेकला पोक आलंय.

इथे एक अडचण. या वयाच्या बऱ्याच तेइस्कोंत नेकच्या आत लोखंडी पट्टी असते, पण ती फिरवून घट्ट करता येत नाही. फेंडर-गिब्सनसारखा ट्रस रॉड नाही. हेडस्टॉकवर एखादं झाकण दिसतं आणि लोक ते उघडून अ‍ॅलन की शोधत बसतात. आत नट असेल तर बरंच, पाव-पाव फेरा फिरवा, एक रात्र थांबा, मग पुन्हा बघा. नसेल तर नेकला वाफ देणं, वजन बांधणं, दोन खुर्च्यांत अडकवणं हे घरगुती उपचार कृपया करू नका. थोडं पोक असलेला नेक हलक्या तारांवर पुष्कळ वर्षं गुण्यागोविंदाने वाजतो.

पोक फार नाही आणि ब्रिज पार खाली नेऊनही तारा उंचच, असं असेल (आणि बहुतेक असंच असतं) तर नेकचा कोन बदलायचा. नेक काढलाच आहे तर खाचेच्या पिकअपकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची लाकडी व्हिनिअरची पट्टी टाका. सुतारकामाच्या दुकानात व्हिनिअरचे तुकडे फुकटसुद्धा देतात. पट्टी साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि खाचेच्या रुंदीइतकी लांब, खाचेत आडवी. स्क्रू पुन्हा घट्ट केले की नेक किंचित मागे झुकतो आणि बाराव्या फ्रेटवर तार पाऊण-एक मिलिमीटर खाली येते. एवढ्याशा पट्टीने एवढा फरक पडतो, कारण खाच सात-आठ सेंटिमीटरचीच असते आणि ब्रिज तिच्यापासून लांब. तारा फारच खाली गेल्या तर ब्रिज वर करा, आता तुमच्याकडे वर करायला जागा आहे. स्क्रू आवळताना एकदम एकच पिळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करत या. आणि स्क्रू भोकात आधी उलटा फिरवा, ‘टक्’ असा हलका आवाज येईल. जुने आटे सापडल्याची ती खूण, मग सुलटा फिरवा. नाहीतर साठ वर्षांच्या लाकडात नवे आटे पडतील आणि पुढच्या वेळी स्क्रू नुसताच गोल गोल फिरेल.

बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.६ मिमी आणि सहावी २ मिमी हे सर्वसाधारण माप. तुमच्या गिटारला मी दोन्हीकडे अर्धा मिमी जास्तच ठेवेन. झीरो फ्रेटवर तारांनी खोल चरे पाडले असतील तर मोकळ्या तारा झणझणतील. चरे उथळ असतील तर फ्रेट घासून निघतात, खोल असतील तर तो एक फ्रेट बदलून घ्या. हे मात्र जाणकाराकडून.

आता सूर. या गिटारींचा ब्रिज बहुतेकदा बॉडीवर नुसता टेकलेला असतो, तारांच्या दाबाने जागेवर राहतो. कोणी झाडझूड करताना सरकवला की सगळी गिटार बेसूर. म्हणून तारा काढण्याआधी ब्रिजच्या चारी कोपऱ्यांना मास्किंग टेपने खूण करा. खूण नसेल तर झीरो फ्रेटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत अंतर मोजा आणि त्याची दुप्पट करा. पहिली तार त्या मापाहून साधारण दोन मिमी मागे टेकली पाहिजे आणि सहावी तीन-चार मिमी मागे. म्हणजे ब्रिज तिरका बसतो, आणि तो तसाच बसायला हवा. मग नव्या तारा चढवून बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज मागे, उतरता असेल तर पुढे. जुन्या गंजक्या तारांवर हे करू नका, त्या स्वतःच सुरात नसतात.

तारांबद्दल माझं मत ठाम आहे. आजकाल सगळे ९ किंवा १० गेजचा सेट चढवतात, ज्यात तिसरी तार साधी असते. पण त्या काळचे ब्रिज गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी कापलेले आहेत. साधी तिसरी चढवलीत की ती वरच्या फ्रेटवर चढीच बोलणार आणि ब्रिज कितीही हलवलात तरी बाकीच्या पाचांशी तिचं जमणार नाही. म्हणून ११ चा, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा सेट मागवा. सहा तारांचा मिळून ताण पन्नास किलोच्या आसपास जातो. पहिले आठ दिवस गिटार अर्धा सूर खाली लावून ठेवा, सातव्या फ्रेटवरची फट रोज बघा. फट वाढली नाही तर पूर्ण सुरात घ्या, वाढली तर कायम अर्धा सूर खालीच वाजवा.

पिकअपचं काम सर्वांत सोपं. मल्टिमीटर ओम्सवर लावा, केबलच्या जॅकचं टोक आणि बाही यांना काड्या टेकवा, व्हॉल्यूम पूर्ण चालू, एकेक बटण चालू करत जा. काही हजार ओम्स दाखवले तर वाइंडिंग शाबूत. काहीच दाखवलं नाही तर आधी बटणावर शंका घ्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पन्नासेक वेळा टकटक. कोकणची हवा तांब्या-पितळेला काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही मुकं असेल तर वाइंडिंग तुटलंय. पण पंख्याची मोटर भरणाऱ्याकडे नेऊ नका, पिकअपची तार ०.०६ मिमीची असते आणि त्याच्या मशीनवर ती पहिल्याच वेढ्यात तुटते. एक पिकअप मुका ठेवून तिघांवर वाजवा, योग्य माणूस भेटेपर्यंत. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली पाहिजे. वाढली किंवा जराही चिमटा बसला तर प्लग काढा आणि अर्थिंग पुन्हा तपासा.

प्रश्न : इथे एका इस्टेट सेलमध्ये फेंडर स्ट्रॅटोकास्टर मिळतेय. विकणारा म्हणतो १९६५ ची आहे, ‘प्री-सीबीएस’, म्हणजे सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेण्याआधीची, लिओ फेंडरच्या काळातली, आणि त्या हिशोबाची किंमत सांगतो. नेकप्लेटवर मोठा एफ आणि सहा आकडी नंबर. प्लेटला तीन स्क्रू आहेत. हेडस्टॉक मोठा, त्याच्या मुळाशी बंदुकीच्या गोळीसारखं काहीतरी बाहेर आलंय. त्याने पिकगार्ड उघडून दाखवला, पॉटवर १३७७३२८ असं छापलंय. घ्यावी का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : १९६५ ची म्हणून घेऊ नका. गिटारने स्वतःच साक्ष दिली आहे.

पॉटचे आकडे असे वाचा. पहिले तीन म्हणजे कारखाना. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ असता तर स्टॅकपोल. पुढचे दोन वर्ष, ७३. शेवटचे दोन आठवडा, २८ वा. म्हणजे हा पॉट जुलै १९७३ मध्ये बनला. (पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर एकूण सहाच आकडे असतात, वर्षाला एकच.) पण लक्षात घ्या, पॉट एवढंच सांगतो की गिटार याच्या आधीची नाही. नंतरची किती, ते तो सांगत नाही. फेंडरने १९६६ साली पॉट इतके घाऊक घेतले की त्या सालाचे पॉट पुढे तीन वर्षं गिटारींत पडत राहिले. शिवाय पॉट मधल्या काळात बदललेलाही असू शकतो. म्हणून सोल्डरचे डाग बघा. कारखान्याचा डाग गुळगुळीत आणि मळकट झालेला असतो, नंतर कोणी केलेला चकाकतो आणि आजूबाजूची वायरची कातडी वितळलेली दिसते.

पॉट सोडला तरी बाकीचेही तेच सांगतात. तीन स्क्रूंची नेकप्लेट आणि ती ‘गोळी’, म्हणजे ट्रस रॉडचं तोंड, दोन्ही १९७१ पासून आली. मोठा हेडस्टॉक १९६५ च्या अखेरीपासूनचा. एफवाल्या प्लेटा ७६ पर्यंत चालल्या. आणि सीबीएसने फेंडर विकत घेतली तीच मुळी जानेवारी १९६५ मध्ये, त्यामुळे विकणाऱ्याचं साल खरं असतं तरी ‘प्री-सीबीएस’ म्हणायला जागा फारशी नव्हतीच. प्लेटवरच्या नंबरावर तर मी कधीच विसंबत नाही. ती तीन-चार स्क्रूंवर असते, काढून दुसरी लावायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

थोडक्यात, ७३ च्या उत्तरार्धातली किंवा ७४ ची, आणि सगळे भाग एकमेकांचे असतील तर चांगली गिटार आहे. त्या सालाच्या भावाने मिळाली तर घ्या. ६५ आणि ७४ यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. पैसे देण्याआधी नेक काढून बुडाचा शिक्का आणि खाच बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर नमस्कार करून घरी या.

घेतलीतच तर दोन गोष्टी. तीन स्क्रूंचा सांधा कधी कधी खाचेत आडवा सरकतो. पहिली तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरायला लागली की समजा नेक सरकलाय. तारा लावलेल्या असतानाच स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नेक हाताने सरळ ओढा, पुन्हा आवळा. आणि त्या गोळीसाठी १/८ इंचाची अ‍ॅलन की वापरा. ३ मिमीची कीही आत जाते, पण ती जरा सैल असते आणि जोर लावला की आतल्या कडा गोल करून टाकते. नेक पुढे वाकलेला असेल तर गोळीकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग एक रात्र थांबायचं. हिवाळ्यात तुमच्याकडे हीटर सुरू झाला की हवा कोरडी होऊन नेक पुन्हा हलेल, म्हणून की हाताशी ठेवा.

प्रश्न : सर, मामाने मला त्याची जुनी आयबानेझ दिली आहे. गिब्सनच्या लेस पॉल गिटारचा आकार, मागे एच७६ ने सुरू होणारा नंबर. मित्र म्हणतात ही ‘लॉसूट गिटार’ आहे, लाखोंनी जाते. तिसऱ्या तारेचा सूर बाराव्या फ्रेटवर चढा येतो आणि ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो सुटा तुकडा) आता मागे सरकतच नाही. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : एच म्हणजे इंग्रजीतलं आठवं अक्षर, म्हणजे ऑगस्ट. ७६ म्हणजे १९७६. आयबानेझचे नंबर १९७५ पासून असे महिन्याच्या अक्षराने सुरू होऊ लागले. तुझी गिटार ऑगस्ट ७६ ची. ज्या खटल्यावरून हे ‘लॉसूट’ नाव पडलं तो गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतल्या विक्रेत्या कंपनीवर १९७७ मध्ये भरला आणि पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. वाद होता हेडस्टॉकच्या आकाराचा. आज कुठलीही जुनी जपानी गिटार याच नावाने विकतात, त्याला इलाज नाही. नेक स्क्रूने बसवलेला आहे की चिकटवलेला ते बघ, गिब्सनचा चिकटवलेला असतो. तुझी स्क्रूवाली निघाली तर लाखांचं स्वप्न आवर. तरी मामाचे आभार मान, फार चांगली गिटार आहे ती.

सॅडलसाठी आधी नव्या तारा चढव. तरी मागे जात नसेल तर तार सैल करून ते सॅडल ब्रिजमधून काढ आणि उलटं फिरवून बसव. त्याची एक बाजू सपाट असते आणि तार टेकायची धार एका कडेला, त्यामुळे उलटं केलं की दीड-दोन मिलिमीटर मिळतात. मामाला विचारल्याशिवाय पिकअप बदलू नकोस.

प्रश्न : कल्याणच्या बाजारात एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळाली. नाव ‘गिब्सन’ असं वाटलं, पण नीट बघितल्यावर मधलं अक्षर वेगळं, ‘गिवसन’. कारखान्याची छपाईची चूक असेल तर दुर्मीळ नग म्हणून किंमत येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येणार नाही. गिवसन ही कोलकात्याची कंपनी, नाव बरोबर छापलंय. परदेशी गिटार मिळणं मुश्कील होतं त्या काळात आपल्याकडची कितीतरी मुलं अशाच देशी गिटारींवर बोटं सोलून शिकली. नेक सरळ असेल, खुंट्या धरत असतील तर तुम्हीही शिका. सेटअपची रीत वर वेंगुर्ल्याच्या पत्राला सांगितली तीच.

प्रश्न : आजोबांची सत्तरच्या दशकातली गिटार. रंगाला बारीक तडे गेलेत, फ्रेटवर हिरवट थर चढलाय. गाड्यांना रंग देणारा ओळखीचा आहे, त्याच्याकडून नवा रंग मारून घेतला तर किंमत वाढेल ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : अर्ध्यावर येईल. तडे गेलेला जुना रंग हा त्या गिटारीच्या वयाचा दाखला आहे, तो खरवडलात की उरतं ते लाकूड आणि तुमचा शब्द. गाडीवाल्याला गाडीच रंगवू द्या.

फ्रेटचं काम घरी होतं. तारा काढा. फ्रेटच्या मधल्या लाकडावर मास्किंग टेप चिकटवा, फक्त धातू उघडा राहू द्या. पिकअपवरही टेपचे दोन थर लावा, हे विसरू नका. मग ‘चार शून्य’ नंबरच्या पोलादी लोकरीने फ्रेट लांबीच्या दिशेने घासा. पिकअप का झाकायचे, ते झाल्यावर दिसेल: लोकरीचा काळा भुगा चुंबकाकडे धावतो, आणि एकदा आत शिरला की तो बाहेर काढता येत नाही. भुगा टेपसकट उचलून टाका. बॉडी पुसायला मऊ, किंचित ओलसर फडकं पुरे. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही नको.

पावसाळ्यात गिटार महिनोन्‌महिने बंद केसमध्ये ठेवू नका. सिलिका जेलची पुडी आत टाका, ती वाळवून परत वापरता येते, आणि आठवड्याने एकदा केस उघडून वाजवा. रंग नायट्रोसेल्युलोजचा असेल तर रबरी पायांच्या स्टँडवर उभी करू नका आणि रेक्झिनचा पट्टा बॉडीला लावून केस मिटू नका. दोन्ही त्या रंगाला चिकटून त्याचा चीक करतात. पट्टा काढून वेगळा ठेवा.